डावीकडे पाहणारी घार

चन्नबसप्पानं बिल्ला कारचोबावर ठेवला. लालमहंमदनं हातातल्या लाकडी पट्टीनं तो हळूहळू कडेपर्यंत सरकवला आणि खाली पडू दिला.

कारचोब म्हणजे चार दांड्यांची चौकट. तिच्यावर मखमल ताणून बसवलेली असते आणि जरीचं काम करणारा कारागीर तिच्यापुढं मांडी घालून बसतो. ताणलेल्या मखमलीवर परक्या माणसानं काही ठेवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात चप्पल ठेवणं. चन्नबसप्पाला हे चांगलं ठाऊक होतं. ही त्याची सहावी फेरी होती.

“उचला,” लालमहंमद म्हणाला. “पाय लागंल कुणाचा.”

“लागू द्या. खोटा हाय म्हणता ना तुम्ही?”

“खोटा हाय म्हणूनच. खऱ्याला लागला तर माफी तरी मागता येती.”

दुकान गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होतं. साल नव्याण्णव. लातुरात तेव्हा दर पाचव्या घरावर क्लासची पाटी होती आणि उरलेल्या चार घरांत त्या क्लासची पोरं भाड्यानं राहत होती. प्रत्येक क्लासला आपला बिल्ला हवा होता. कुणाला मशाल, कुणाला रॉकेट, बहुतेकांना गरुड. एका क्लासवाल्याला गरुडाच्या चोचीत सूक्ष्मदर्शक पाहिजे होता. लालमहंमदनं तोही काढून दिला. गरुडाचा चेहरा त्यामुळं थोडा अडचणीत सापडल्यासारखा दिसत होता, पण त्या वर्षी त्या क्लासचा निकाल चांगला लागला.

चन्नबसप्पाला क्लासशी काही देणंघेणं नव्हतं. तो हवाई दलात पंधरा वर्षं स्टोअरकीपर होता. त्या पंधरा वर्षांत तो विमानात एकदाच बसला, आणि ते विमान दुरुस्तीसाठी उभं होतं. मोजे, बूट, पट्टे, बिल्ले असं सगळं त्याच्या हाताखालून गेलं. चिठ्ठीवर दुसऱ्याची सही दिसली तर तो माल देत नसे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या वतीनं त्याच्या हाताखालच्या माणसानं सही केली म्हणून यानं सबंध तुकडीचे मोजे अडवून धरले होते. जानेवारी महिना होता आणि ठाणं पंजाबात होतं.

आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता आणि पुस्तक लिहीत होता. युद्धकाळात निजामाच्या मुलखात आणि आसपास ज्या उड्डाण प्रशिक्षण तुकड्या होत्या, त्यांचा इतिहास आणि त्यांचे बिल्ले. दोनशे बारा पानं हातानं लिहून झाली होती. पुतण्याच्या घरात खालच्या मजल्यावर लोहा-नायगावकडची चौदा पोरं राहत. ती बेडकाची पचनसंस्था मोठ्यांदा पाठ करत आणि हा त्यांच्या मधोमध पाट घेऊन बिल्ल्यांची मापं लिहीत बसे. नांदेडचा छापखानेवाला ज्ञानोबा बाकी सगळी पानं जुळवून बसला होता. अडलं होतं ते प्रकरण चौदा.

प्रकरण चौदामधली शाळा हैदराबादेच्या अलीकडं एका माळावर होती आणि दोनच वर्षं चालली. तिचा बिल्ला निळ्या मखमलीचा. मधे जरीची घार, खाली फितीवर शाळेची इंग्रजी आद्याक्षरं. आजवर जेवढे बिल्ले मिळाले त्या सगळ्यांवरची घार उजवीकडं बघते. चन्नबसप्पाकडच्या एकट्या बिल्ल्यावरची डावीकडं बघत होती.

तो त्याच्या थोरल्या भावाचा. रेवणप्पा एकोणिसाव्या वर्षी तेरणेकाठचं गाव सोडून विमान शिकायला गेला आणि वर्षानं परत आला तो हा बिल्ला घेऊन. दुसरं काही आणलं नाही, कागद नाही की फोटो नाही. गावानं त्याला पायलट म्हणायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षं म्हटलं. त्यात आदर नव्हता. रेवणप्पा चिंचेवर चढला की खालून पोरं हात हलवून त्याला उतरायचा सिग्नल देत. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याच्या अंगावर त्याच्याच घराची दगडी भिंत आली. नंतर पत्र्याच्या शेडसमोर ब्लँकेटच्या रांगेत चन्नबसप्पा उभा होता, तेव्हा पुढचा एकजण मागं न बघता म्हणाला, पायलट उतरला एकदाचा. दोघंतिघं हसले. घरचं कुणीतरी गेलेलं होतं त्या प्रत्येकाचं, तरी हसले.

पुस्तक त्या दिवशी सुरू झालं.

पुण्याच्या बिल्ले जमवणाऱ्या मंडळींनी मात्र पत्रानं कळवलं की शाळेतून पास झालेल्यांच्या यादीत रेवणप्पाचं नाव नाही, आणि बिल्ला तर उघडच बाजारी नक्कल आहे. कारागिराच्या चुकीनं नक्षी उलटी पडली असती तर अक्षरंही उलटी आली असती. अक्षरं सरळ आणि पक्षी उलटा, याचा अर्थ कुणीतरी आठवणीवरून बनवलाय. पत्राच्या शेवटी उपकार म्हणून एक माहिती होती. त्या शाळेचे सगळे बिल्ले लातूरच्या पीरमहंमद नावाच्या कारागिराकडून जात.

पीरमहंमद म्हणजे लालमहंमदचा बाप. म्हणून या सहा फेऱ्या.

“बिल्ला आमचा न्हाई,” लालमहंमदनं पहिल्या फेरीलाच सांगितलं होतं. तेव्हा त्यानं तो जेमतेम एक क्षण पाहिला होता. चन्नबसप्पाच्या मते खोटी वस्तू ओळखायला एवढा कमी वेळ पुरत नाही. खोटी वस्तू माणूस उलटसुलट करून बघतो.

आज त्यानं पिशवीतून पातळ कागद काढला. कागदावर घार काढून तिच्या रेघेरेघेवर टाचणीनं भोकं पाडली होती. याला खाका म्हणतात. कापडावर ठेवून वरून खडूची पूड फिरवली की भोकांतून नक्षी खाली उतरते आणि तिच्यावर काम सुरू होतं. चन्नबसप्पा हे सगळं चौथ्या फेरीत शेजारच्या दुकानात बसून शिकला होता.

“हा पक्ष्याचा खाका,” तो म्हणाला. “आन् हा अक्षरांचा. दोन येगळे. पक्ष्याचा पालथा पडला, अक्षरांचा सुलटा. झालं. एवढंच झालं असणार.”

लालमहंमदची सुई थांबली.

“माझ्या बापाचा खाका पालथा पडला म्हणता?”

“म्हणून राहिलो.”

“शिकाऊ पोराचाबी पडत न्हाई.”

“मग तुमचा बाप नकली बिल्ले इकत होता.”

“इकत असंल,” लालमहंमद म्हणाला. “लिवा.”

चन्नबसप्पाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“लिवा की. पीरमहंमद नकली माल बनवायचा. नकली बनवायला हात लागतो, साहेब. खाका पालथा पाडायला काय लागतं?”

चन्नबसप्पानं त्याला भीती घालायची म्हणून खरंच वही काढली आणि लिहिलं. लालमहंमदनं वाचून दाखवायला लावलं. ‘लातूर येथील पीरमहंमद हा बनावट बिल्ले तयार करीत असे.’ त्यानं मान डोलावली आणि एकच दुरुस्ती सुचवली, लातूर येथील नको, गंजगोलाईचे लिहा, लातुरात अजून एक पीरमहंमद होता आणि त्याचा हात बरा नव्हता.

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. आप्पासाहेब नावाचा क्लासवाला आत आला. त्याच्या हातात चाळीसेक बिल्ले होते, स्वस्त पडतात म्हणून सोलापुरात करून आणलेले. सगळ्यांवरच्या गरुडांच्या चोची सुटून लोंबत होत्या.

“एकेक टाका मारा चाचा,” तो म्हणाला. “पोरं हसून राहिलेत. उद्या पालक सभा हाय.”

लालमहंमदनं बिल्ल्यांकडं पाहिलंही नाही. सुईच्या टोकानं भिंतीवरची पाटी दाखवली. पाटी पीरमहंमदच्या हातची होती, रंग उडालेला. दुसऱ्याचं काम हातात घेतलं जाणार नाही. घरचं काम कधीही परत आणा.

आप्पासाहेबांनी बरीच विनवणी केली, मग दम दिला, मग त्यांनी सगळी पोरं दुसरीकडं वळवायची भाषा केली. लालमहंमद टाके घालत राहिला. पाटी शोभेची नव्हती. मागच्या वर्षी शिरूर अनंतपाळचा एक माणूस बापाची लग्नातली शेरवानी घेऊन आला होता, एक्कावन्न सालची. तिला कसर लागून पाठीवर भोक पडलं होतं, ते बुजवायचं होतं. लालमहंमदनं शेरवानी उजेडात धरली. कॉलरच्या उजव्या फुलाला एक पाकळी कमी होती. काम पीरमहंमदचं होतं. त्यानं दोन दिवस घालवून पाकळी भरली, घरच्या कामाची चिठ्ठी केली आणि शेरवानी भोकासकट परत दिली. भोक कसरीनं पाडलं होतं. कसरीचं काम तो हातात घेत नव्हता.

आप्पासाहेब गेले. जाताना त्यांनी चन्नबसप्पाला, कुणीही समोर असतं तरी विचारलं असतं अशा आवाजात विचारलं, हा म्हातारा असाच आहे का. चन्नबसप्पा म्हणाला, बापही असाच असणार. आंधळा, आणि वर ताठ.

ते लालमहंमदनं ऐकलं.

“तुमच्या पुस्तकात अजून एक लिवा,” तो शांतपणे म्हणाला. “रेवणप्पा. पायलट.”

हे नाव चन्नबसप्पानं या दुकानात कधी काढलं नव्हतं. कुठून कळलं असेल ते असो. तो उठला, आणि उठताना त्याच्या पायानं जरीच्या तुकड्यांची वाटी लवंडली. मुद्दाम लवंडली. सोन्याच्या रंगाचे मोहरीएवढे तुकडे फरशीभर पसरले, फटींत गेले, चपलांत गेले.

लालमहंमदची बायको मलिका आतून सूप घेऊन आली. ती खाली बसली, तुकडे गोळा करायला लागली आणि गोळा करता करता पडलेला बिल्लाही तिनं उचलला. पुढची बाजू तिनं पाहिली नाही. उलटा करून मागची गाठ पाहिली. मग नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान फिरवली.

“आठ दिनसे आव भाई,” ती म्हणाली.

“कशाला?”

“अब्बी जाव. चप्पल झटकके पैनो.”

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर चन्नबसप्पाला कळलं की बिल्ला मागंच राहिला. तो थांबला. पण अपमान करून बाहेर पडलेल्या माणसाला विसरलेली वस्तू आणायला परत जाता येत नाही. तो पुढं चालत राहिला आणि त्या चालण्यात दोन रस्ते चुकला.

आठ दिवसांत त्यानं प्रकरण चौदा दोनदा लिहिलं. एकात बिल्ला खरा होता आणि पुराव्याची जागा मोकळी होती. दुसऱ्यात बिल्ला बनावट होता आणि पुराव्याला जागा पुरत नव्हती. ज्ञानोबाचा नांदेडहून निरोप आला, कोणतंही एक पाठवा, छपाईचे खिळे अडकून पडलेत. चौदा पोरं तोवर बेडकाच्या रक्ताभिसरणापर्यंत आली होती.

नवव्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. लालमहंमदनं वर न बघता चौकटीखालून कागदाची पुडी काढली आणि त्याच्याकडं सरकवली.

बिल्ला तोच होता. निळी मखमल तीच, विटलेली, कडेला भूकंपातल्या मातीचा डागही तसाच. जरीचे तुकडेही जुनेच, काळवंडलेले. पण घार उजवीकडं बघत होती.

चन्नबसप्पा बोलायला लागला तेव्हा शेजारच्या दुकानातली शिलाई मशीन थांबली. तो म्हणाला, तुम्ही पुरावा खाल्ला. सहा वर्षं मी हा बिल्ला घेऊन फिरून राहिलो, मुंबई झाली, दिल्ली झाली, आणि तुम्ही तो आठ दिवसांत उसवला. आता हा त्या शाळेच्या शंभर बिल्ल्यांसारखा एक बिल्ला झाला, बाजारात कुठंही मिळणारा. पोलिसात जातो. तुमच्या बापाची लाज झाकायला तुम्ही माझ्या मेलेल्या भावाला खोटारडा केलं. हे सगळं तो दाराच्या मधोमध उभा राहून म्हणाला, म्हणजे गल्लीलाही नीट कळावं.

लालमहंमदनं सुई मखमलीत टोचून ठेवली. बोट वर केलं. पाटीकडं.

चन्नबसप्पानं पाटी वाचली. ती त्यानं सहा वेळा वाचली होती. पहिल्या ओळीवर त्याची नजर गेली आणि तिथंच अडकली. दुसऱ्याचं काम हातात घेतलं जाणार नाही. त्यानं पुन्हा बिल्ल्याकडं पाहिलं. मग तो दाराच्या मधून बाजूला झाला आणि फरशीवर बसला.

“हात लावलात तुम्ही,” तो म्हणाला.

लालमहंमदनं भिंतीतल्या फडताळातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. बापाच्या वेळचंच होतं, निम्मंअधिक कोरं, कारण चिठ्ठी फक्त घरचं काम चुकून परत आलं तरच फाडायची असा नियम होता. तो लिहायला लागला. लिहायला त्याला टाके घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मलिका आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यानं चिठ्ठी फाडली आणि पट्टीनंच पुढं सरकवली.

‘घरचं काम. निळी मखमल, घार. खाका पालथा पडला. साठ नग. एकोणसाठ एकविसाव्या दिवशी बदलून दिले. एक नग, पोरगा आदीच घरी गेल्यामुळं, भेटला न्हाई. आज भेटला. दुरुस्त केला.’

चन्नबसप्पानं वाचलं. त्याचं बोट एका ठिकाणी थांबलं.

“घरी गेल्यामुळं म्हंजे?”

“काढून टाकलं व्हतं त्याला. एकवीस दिवसांच्या आत.”

“तो वर्षभर व्हता तिथं. आम्हाला सांगायचा. रात्रीचं उड्डाण केलं, नदी वरून कशी दिसती, सगळं सांगायचा.”

“अब्बाबी सांगायचे,” लालमहंमद म्हणाला. “आपला खाका कदी पालथा पडला न्हाई म्हणून.”

शेजारची मशीन पुन्हा सुरू झाली. लालमहंमद मखमलीकडं बघत म्हणाला की मरताना अब्बांनी पाणी मागितलं नाही, साठावा आला का ते विचारलं. दोनदा विचारलं. घरच्यांना वाटलं भ्रमात आहेत, रुपये मोजताहेत. त्याला एकट्याला माहीत होतं. त्या एकोणसाठांतली जरी त्यानं स्वतः उसवली होती.

“पहिल्या दिवशीच वळखला व्हता तुम्ही,” चन्नबसप्पा म्हणाला.

“वळखला.”

“आठ महिने मला फिरवलं.”

“तुम्ही मखमलीवर ठिवला. हातात दिला असता तर काय सांगावं.”

चन्नबसप्पानं बिल्ला पुडीत बांधला. मग चिठ्ठी पुन्हा उघडली आणि जुन्या सवयीनं तिच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं.

“सही राहिली,” तो म्हणाला.

लालमहंमदनं चिठ्ठी परत घेतली. पेन हातात धरून तो जरा वेळ थांबला. मलिका दाराशीच होती. तिनं पदर नीट केला, एवढंच. मग त्यानं सही केली, सावकाश, एकेक अक्षर टाका घातल्यासारखं, आणि चिठ्ठी या वेळी पट्टीनं न सरकवता हातानं दिली.

सही पीरमहंमदची होती.

पीरमहंमदला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. चन्नबसप्पानं सही पाहिली, खालची आजची तारीख पाहिली. चिठ्ठी उजेडाकडं धरली, पुन्हा खाली घेतली. लालमहंमद सुई शोधत होता, जी समोरच टोचलेली होती.

“आता निघा,” तो म्हणाला. “आन् परत येऊ नका.”

“कोण येतंय,” चन्नबसप्पा म्हणाला.

त्यानं चिठ्ठीला चार घड्या घातल्या आणि ती आतल्या खिशात ठेवली. उंबऱ्यापाशी जाऊन चप्पल पालथी करून झटकली. तीतून एक सोनेरी तुकडा पडला. तो त्यानं उचलला आणि परत येऊन वाटीत टाकला.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “चिठ्ठी.”